ऐन वेळी मिसळायचे औषध

औषध आणि पाणी यांचे फार दिवस जमत नाही. सगळ्याच औषधांचे असे नसते, पण ज्यांच्यावर जीव अवलंबून असतो अशा बऱ्याच औषधांचे असते. अमॉक्सिसिलिन पाण्यात कालवून ठेवले की काही दिवसांत त्याचा जोर ओसरू लागतो. सर्पदंशावरचे प्रतिविष द्रवरूपात ठेवायचे तर फ्रिज सोडता येत नाही. गोवरची लस पाण्यात मिसळली की तिचे उरलेले आयुष्य तासांत मोजावे लागते. आणि तरीही यांतले प्रत्येक औषध शरीरात जाताना द्रवरूपच लागते. कोरडी भुकटी सुईतून जात नाही आणि सहा महिन्यांच्या बाळाला ती गिळता येत नाही. म्हणजे कारखान्यापासून रुग्णापर्यंतच्या सगळ्या प्रवासात औषध कोरडे राहिले पाहिजे आणि शेवटच्या काही मिनिटांत ओले झाले पाहिजे. हे साधायचे काम वेष्टनाचे. पुढच्या प्रकरणांचा विषय तेच वेष्टन आहे.

औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्यांना 'पॅकेजिंग' हा विषय दुय्यम वाटतो. रेणूचा शोध लागतो, त्याची चाचणी होते, कारखाना उभा राहतो आणि मग कोणीतरी खोक्याचा विचार करते, असा एक सर्वसाधारण समज आहे. ज्या औषधाचे घटक वापरापर्यंत वेगळे ठेवावे लागतात, त्याच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा ठरतो. तिथे उत्पादनाची शेवटची पायरी कारखान्यात होतच नाही. ती होते स्वयंपाकघराच्या ओट्यावर, उपकेंद्राच्या टेबलावर, रात्रपाळीच्या वॉर्डात. आई, सिस्टर, एएनएम, कधी शेजारची शिकलेली मुलगी असे सगळे त्या क्षणी औषध तयार करणारे होतात. त्यांना प्रयोगशाळा नसते, तपासनीस नसतो, दुसरी संधी बहुधा नसते. त्यांच्या हाती फक्त वेष्टन असते. म्हणून असे वेष्टन चांगले की वाईट हे एकाच कसोटीवर ठरवावे, असे माझे ठाम मत आहे: घाईत असलेल्या, थकलेल्या, इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाच्या हातून ते चुकीचे वापरले जाऊ शकते का?

आधी पाण्याचा दोष काय ते पाहू. पेनिसिलिन घराण्यातल्या औषधांच्या मधोमध चार अणूंचे एक कडे असते, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने 1945 मध्ये ही रचना नक्की केली. चार अणूंच्या एवढ्याशा कड्यात बंध वाकून ताणलेले राहतात. त्या ताणामुळेच हे कडे जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकरावर जाऊन उघडते आणि त्याला कायमचे निकामी करते. पण त्याच ताणामुळे पाण्याचा रेणूही ते कडे फोडू शकतो, आणि एकदा फुटलेले कडे जिवाणूचे काही बिघडवू शकत नाही. औषधाचा गुण आणि त्याचा दुबळेपणा एकाच जागी बसलेले आहेत. एक काढून दुसरा ठेवता येत नाही. अमॉक्सिसिलिनच्या जोडीला दिले जाणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तर पाण्यात याहूनही लवकर खचते.

महाराष्ट्राचा या कथेशी जुना संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. रबरी बुचाची काचेची कुपी, तळाशी पांढरी भुकटी आणि सिरिंज उकळून घेऊन तिच्यात पाणी सोडणारा कंपाउंडर, हे चित्र साठीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको.

घटक वेगळे ठेवून ऐन वेळी एकत्र करण्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. आपल्याकडची बाळघुटी हे तिचे घरोघरी जपलेले रूप. वेखंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड या सगळ्या जिनसा डबीत अख्ख्या आणि कोरड्या राहतात. रोज सहाणेवर ठरावीक वेढे उगाळून तेवढीच मात्रा तयार होते आणि तेव्हाच संपते. उगाळलेली घुटी उद्यासाठी कोणी ठेवत नाही. बाळघुटी द्यावी की नाही याबद्दल आजचे बालरोगतज्ज्ञ सावध असतात, आणि ते योग्यच आहे. इथे मुद्दा साठवणीच्या शहाणपणाचा आहे. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर कमी होते असा स्पष्ट निर्देश आहे. औषधाला मुदत असते आणि ती त्याच्या रूपावर अवलंबून असते, ही जाण तिथे आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात सायडलिट्झ पावडर नावाचे सारक घराघरांत असे. निळ्या कागदाच्या पुडीत रोशेल मीठ आणि खायचा सोडा, पांढऱ्या कागदाच्या पुडीत टार्टारिक आम्ल. दोन पुड्या, दोन रंग. पाण्यात एकत्र करायच्या आणि फसफसत असतानाच प्यायच्या. वाचता न येणाऱ्यालाही एक निळी आणि एक पांढरी घ्यायची एवढे कळत होते. रंगाचा असा वापर आजच्या कितीतरी महागड्या खोक्यांना साधलेला नाही.

या विद्येला खरी गती दिली ती दुसऱ्या महायुद्धाने. रक्तस्रावाने दगावणाऱ्या सैनिकाला रक्तद्रव हवा होता, पण द्रवरूप रक्तद्रव बर्फाशिवाय आघाडीवर नेणे अवघड होते. उपाय निघाला तो गोठवून कोरडे करण्याचा. पदार्थ आधी गोठवायचा, मग निर्वातात ठेवायचा. बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो, यालाच संप्लवन म्हणतात, आणि मागे सच्छिद्र, हलका, कोरडा गोळा उरतो. अमेरिकी लष्कर आणि नौदलाच्या संचात पत्र्याचे दोन डबे असत: एकात कोरड्या रक्तद्रवाची बाटली, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाण्याची. सोबत नळी आणि दोन टोकांची सुई. रक्तद्रवाच्या बाटलीतली हवा आधीच काढून टाकलेली असे. सुईचे एक टोक पाण्याच्या बाटलीत आणि दुसरे त्या निर्वात बाटलीत खुपसले की पाणी आपोआप आत ओढले जाई. तीन मिनिटांत रक्तद्रव तयार, आणि तो सुमारे चार तास वापरता येई. या रचनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पाणी किती घालायचे हे मोजायची गरजच सैनिकाला नव्हती. जेवढे लागते तेवढेच पाणी डब्यात होते, आणि ते आत ढकलायलाही हाताचा जोर लागत नव्हता. गोळीबारात हात थरथरत असतील हे गृहीत धरून कोणीतरी ते खोके बनवले होते.

पुढची पायरी म्हणजे दोन डबे एकाच भांड्यात आणणे. अपजॉन या अमेरिकी कंपनीची हायड्रोकॉर्टिसोनची कुपी याचे सुंदर उदाहरण आहे. काचेची एकच कुपी, मध्ये रबरी बूच. खाली भुकटी, वर पाणी. टोपी अंगठ्याने दाबली की मधले बूच सुटून खाली पडते, पाणी भुकटीवर उतरते, कुपी हलकेच फिरवली की औषध तयार. अधिवृक्क ग्रंथी काम करत नसलेल्या रुग्णाला अचानक धक्का बसला तर हे इंजेक्शन घरच्यांनी द्यावे लागते, आणि त्या घाबरलेल्या क्षणी दाबायची एकच जागा असणे याला किंमत आहे. दोन कप्प्यांच्या सिरिंजमध्ये हीच कल्पना आणखी बारीक केलेली दिसते. काचेच्या नळीला एका ठिकाणी बाहेरून छोटासा फुगवटा दिलेला असतो. दट्ट्या दाबला की मधला रबरी अडसर सरकत त्या फुगवट्यापाशी येतो, पाणी फुगवट्यातल्या वाटेने अडसराला वळसा घालून पुढच्या कप्प्यातल्या भुकटीत शिरते. काच वितळवून केलेला काही मिलिमीटरचा उंचवटा, आणि त्यावर सगळे यंत्र उभे.

पिशव्यांची गोष्ट वेगळी. ज्या रुग्णाचे आतडे काही दिवस वापरता येत नाही त्याला शिरेतून पूर्ण आहार दिला जातो: ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि मेद. यांतले ग्लुकोज आणि अमिनो आम्ले एकत्र ठेवून उष्णतेने निर्जंतुक करायला गेले की द्राव तपकिरी होतो. पाव भाजताना त्याची कड तांबूस होते ती हीच मायार अभिक्रिया. म्हणून तीन कप्प्यांची पिशवी. कप्प्यांमधले जोड मुद्दाम दुबळे ठेवलेले असतात. पिशवी सपाट टेबलावर ठेवून वरच्या बाजूने घट्ट गुंडाळत आणली की दाबाने जोड उकलतात आणि तिन्ही द्राव एक होतात. पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांसाठीही दोन कप्प्यांच्या पिशव्या निघाल्या, आणि तिथे एक गंभीर धोका समोर आला: मधला जोड न उकलताच पिशवी लावली तर एकाच कप्प्यातला द्राव शरीरात जातो. यावर काही पिशव्यांत बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी दुसरा, छोटा जोड दिला गेला. आधी मोठा जोड उकलायचा, मग हा, म्हणजे न मिसळलेला द्राव नळीपर्यंत पोचायलाच अटकाव. सूचना ठळक छापण्यापेक्षा चुकीची वाटच बंद करणे कितीतरी खात्रीचे, हे त्या छोट्या जोडाने दाखवून दिले.

आता आपल्या मातीकडे. कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात पावसाळा आला की सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालणारे प्रतिविष परळच्या हाफकिनचे नाव महाराष्ट्राच्या घरोघरी पोचवून गेले आहे. गोठवून कोरडे केलेले प्रतिविष फ्रिजशिवायही टिकते, म्हणून वीज जाणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेच ठेवणे शहाणपणाचे. पण त्याची दुसरी बाजू सिस्टरला विचारावी. पहिल्या मात्रेलाच 8 ते 10 कुप्या लागतात. प्रत्येक कुपीत 10 मिलिलिटर पाणी सोडायचे आणि ती तळहातांत गोल गोल फिरवत राहायचे. हलवायची नाही, हलवली की प्रथिनांचा फेस होतो. भुकटी आपल्या गतीने विरघळते, घाई चालत नाही. समोर पापण्या मिटत चाललेला रुग्ण, भोवती नातेवाईक, आणि सिस्टर एकेक कुपी फिरवते आहे. कोरड्या रूपाने औषध तिच्यापर्यंत पोचवले हे खरे, पण शेवटची मिनिटे तिच्या खात्यावर टाकली. ही मिनिटे कमी करणारे वेष्टन अजून आपल्या केंद्रांत आलेले नाही, आणि ते का नाही हा प्रश्न या पुस्तकाने विचारला आहे.

लसीकरणात हाच प्रश्न जिवावर बेततो. सप्टेंबर 2014 मध्ये सीरियातल्या इदलिब प्रांतात गोवरची लस दिल्यानंतर 15 बालके दगावली. लसीत मिसळायच्या पाण्याऐवजी भूल देताना वापरले जाणारे ॲट्राक्युरियम हे स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासाचा निष्कर्ष होता. मे 2017 मध्ये दक्षिण सुदानमधल्या कपोएटा भागात पुन्हा 15 बालके गेली. तिथे लस कालवायची एकच सिरिंज मोहिमेचे चारही दिवस वापरली गेली होती. दोन्हीकडे लस बनवताना काही चुकले नव्हते. चुकली ती मिसळण्याची पायरी, म्हणजे कारखान्याच्या भिंतीबाहेरची पायरी. जोपर्यंत लस एका खोक्यात आणि पाणी दुसऱ्या खोक्यात असेल, तोपर्यंत त्या दोहोंच्या मध्ये तिसरी कुपी शिरायला जागा राहील. ज्यांची मुले गेली त्यांना 'मानवी चूक' हे दोन शब्द पुरत नाहीत, आणि वेष्टन बनवणाऱ्यांनाही ते पुरू नयेत.

आपल्या एएनएम या बाबतीत किती काटेकोर असतात हे एकदा लसीकरण सत्राला बसून पाहावे. लसीसोबत त्याच उत्पादकाचे पाणी आले आहे ना; बीसीजीचे सलाइन आणि गोवर-रुबेलाचे निर्जंतुक पाणी यांची अदलाबदल झालेली नाही ना; पाणी लसीइतकेच थंड आहे ना; कुपी उघडल्याची वेळ लेबलवर लिहिली ना. चार तास झाले की उरलेली लस टाकायची, मग दारात उशिरा आलेली आई असली तरी. यात वेष्टनाने केलेली एक बारीक मदत मला नेहमी दाखवाविशी वाटते. द्रवरूप लसींच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारा छोटा चौकोन लेबलवर असतो. कालवायच्या लसींवर तोच चौकोन टोपीवर किंवा मानेवर असतो. कारण उघडल्यावर या लसीला त्या चौकोनाचा भरवसा लागू नाही. टोपीबरोबर तो निघून जावा आणि सिस्टरने फक्त घड्याळाकडे पाहावे. चौकोन कुठे चिकटवायचा एवढ्या निर्णयात केवढा विचार आहे.

याच्या अगदी उलट टोकाला आपल्या घरातले ड्राय सिरप. मेडिकलवाला विचारतो, "पाणी टाकून देऊ, की घरी टाकाल?" आणि गर्दीत आई म्हणते, "घरी टाकते." घरी काय होते? बाटली न ठोकताच पाणी ओतले तर तळाशी भुकटीची ढेप बसते. फेस आलेला असताना रेघ पाहिली तर पाणी कमी पडते आणि औषध जास्त दाट होते. फेस उतरू द्यायचा, पुन्हा रेघेपर्यंत भरायचे, पुन्हा हलवायचे, ही साधी गोष्ट लेबलवर असते, पण बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत. पाणी उकळून गार केलेले हवे. नुसते गरम नको. बऱ्याच खोक्यांत आता निर्जंतुक पाण्याची मोजून भरलेली प्लास्टिकची कुपी येते, आणि हे एकच पाऊल निम्म्या चुका घालवते. तरी सगळ्या खोक्यांत ती नसते. ज्या औषधाला ठरावीक पाणी लागते त्याच्या खोक्यात ते पाणी असलेच पाहिजे, असा नियम झाला पाहिजे. पाण्याच्या कुपीची किंमत फार नसते. पातळ झालेल्या किंवा दाट राहिलेल्या मात्रेची किंमत मात्र बाळ मोजते.

मलेरियाच्या आर्टेसुनेट इंजेक्शनमध्ये तर दोन नव्हे, तीन घटक आहेत. नेहमीच्या संचात 60 मिलिग्रॅमची भुकटी, सोडियम बायकार्बोनेटचे 1 मिलिलिटर आणि सलाइनचे 5 मिलिलिटर. आधी बायकार्बोनेट घालून द्राव स्वच्छ होईपर्यंत हलवायचे, मगच सलाइन. क्रम उलटला तर भुकटी नीट विरघळत नाही. तयार झाले की तासाभरात द्यायचे. भारतासह आशियातल्या चार देशांत झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1461 गंभीर रुग्ण होते. क्विनीन दिलेल्यांपैकी 22 टक्के दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी 15 टक्के. एवढ्या गुणाचे औषध गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात कंदिलाच्या उजेडात कालवायची वेळ आली, तर तीन कुप्यांचा क्रम कळेल असे खोके असायलाच हवे. 1, 2, 3 असे ठळक आकडे आणि वेगळ्या रंगाच्या टोप्या एवढ्यानेही पुष्कळ साधते.

कधी कधी सर्वांत चांगले उत्तर वेगळे ठेवण्याची गरजच काढून टाकणे हे असते. जलसंजीवनीच्या पाकिटात आधी खायचा सोडा असे. बांगलादेश युद्धाच्या वेळी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनोबीस यांनी या साध्या द्रावाने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले आणि मग पाकिटे जगभर गेली. दमट हवेत मात्र सोडा आणि ग्लुकोज एकमेकांना खात, पाकिटातली पावडर तपकिरी पडे. दोन पाकिटे करण्याऐवजी 1984 मध्ये सोड्याच्या जागी ट्रायसोडियम सायट्रेट घेतले गेले. एकच पाकीट राहिले, आईला करायचे काम तेवढेच राहिले. मधुमेह्यांची साखर घसरल्यावर द्यायच्या ग्लुकागॉनचेही असेच. वर्षानुवर्षे भुकटी आणि पाण्याची सिरिंज असा संच होता. 2019 पासून न कालवता देता येणारी रूपे आली, त्यांतले एक तर नाकातून देतात. वेष्टनाच्या अभ्यासकाने आपल्या विद्येवर कितीही प्रेम केले तरी ही शक्यता आधी तपासावी, असा या पुस्तकातल्या एका प्रकरणाचा आग्रह आहे आणि तो मला पूर्ण पटतो.

पुढची प्रकरणे काचेच्या जाती, रबरी बुचांतून झिरपणारी बाष्पे, जोड किती दुबळा ठेवायचा याची गणिते, निर्जंतुकीकरणाच्या पद्धती अशा तपशिलांत शिरतात. विद्यार्थ्यांना ती नेटाने वाचावी लागतील. परिचारिकांनी आणि एएनएमनी चुकांवरचे प्रकरण आधी वाचावे आणि स्वतःचे अनुभव त्याच्या समासात लिहावेत. त्या नोंदी पुढच्या आवृत्तीच्या फार उपयोगी पडतील. औषध कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी तंत्रज्ञांकडे एकच मागणी आहे: महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कालवायच्या औषधावर कृती मराठीत आणि चित्रांत छापा.

बाकी वाचकांना विनंती अशी की पुस्तक सुरू करण्याआधी घरातला फ्रिज उघडून पाहावा. पावडरपासून तयार केलेली औषधाची बाटली दारात उभी असेल आणि ती कधी कालवली हे लेबलवर लिहिलेले नसेल, तर ती ठेवू नका. पुढच्या वेळी पाणी घालताच तारीख बाटलीवर पेनने लिहा, आणि लेबलवर दिलेली मुदत, बहुतेक वेळा सात दिवस, संपली की उरलेले औषध टाकून द्या.